तिसरी रांग मागून येते

आमच्या गाडीची तिसरी रांग गाडीच्या एक तास दहा मिनिटं मागून येते.

गाडी मध्यम आकाराची आहे आणि विजेवर चालते. खाली बॅटरी, मागे डिकी, त्यामुळे आणखी दोन माणसांचे गुडघे ठेवायला जागा नव्हती. पण सात सीटा नसतील तर एकत्र कुटुंबं गाडी घेत नाहीत, असं कंपनीच्या लक्षात आलं. म्हणून जी रांग जागेत मावेना, ती त्यांनी वेळेत मागे सरकवली. गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत पान एकोणचाळीसवर हे नीट लिहिलं आहे. ते पान आमच्या घरात माझ्याशिवाय कुणी वाचलं नाही असा माझा समज होता.

प्रत्यक्षात ते असं चालतं. सकाळी सहाला सगळे एकदमच बसतात. पुढचे पाच निघून जातात. मागचे दोघं दारातच बसून राहतात; समोर सीटा दिसतात, त्यांवर माणसं नसतात. सात दहाला स्टिअरिंग आपोआप वळतं. पुढच्यांनी जिथे ब्रेक मारला तिथे ब्रेक लागतो, पुढचे जिथे थांबले तिथे तेवढाच वेळ थांबणं होतं. मुक्कामाला पुढचे उतरले की एक तास दहा मिनिटांनी त्याच जागी मागचे उतरतात. दार आतून उघडतं, फोन लागतो, एसी ठीक आहे. तक्रारीसारखं काही नाही.

कुणी कुठे बसायचं ते आप्पा ठरवतात. आप्पा म्हणजे माझे थोरले चुलते. त्यांनी चाळीस वर्षं कोइमतूरला गलाईचं दुकान चालवलं, म्हणजे लोकांचं जुनं सोनं वितळवून शुद्ध करून दिलं. आता विट्याला परत आलेत आणि आम्हाला शुद्ध करतात. ते पुढे बसतात. गाडी पप्पा चालवतात. पप्पा साठीला आले, पण वळायच्या आधी इंडिकेटर द्यायचा की नाही हे आजही आप्पांच्या तोंडाकडे बघून ठरवतात. मधल्या रांगेत मोठी आई, म्हणजे आप्पांच्या मंडळी, शिवाय आत्या आणि आत्याचे यजमान. मागे आई, माझी थोरली बहीण स्नेहलताई आणि मी यांच्यातले कुणीही दोघं. तिसरा घरी.

गाडी आली त्याच महिन्यात आईचे वडील म्हसवडला वारले. आई मागे बसली. पुढचे वेळेत पोचले, त्यांनी खांदा दिला, पाणी पाजलं, सगळं केलं. आई उतरली तेव्हा लोक स्मशानातून हातपाय धुऊन परत येत होते. आप्पा तिला म्हणाले, "मंदा, तू काळजी करू नगं. आपल्या घरातनं सगळी होती."

माझंही असंच. दुसऱ्या वर्षाला माझे दोन विषय राहिले म्हणून सांगलीच्या कॉलेजने घरच्यांना बोलावलं. मी मागे. मी पोचलो तेव्हा माझा दाखला आप्पांच्या खिशात होता आणि ते कँटीनला वडा खात होते.

"सरांशी बोलणं झालं," आप्पा म्हणाले. "तुझ्यात इंजिनियरिंग न्हाई."

"मला विचारायचं तरी."

"तू हुतास कुठं?"

गावात सगळे सांगतात, सुयशने कॉलेज सोडलं. मी त्या दिवशी कॉलेजला पोचलोच नव्हतो.

गाडीला सहा महिने झाल्यावर कंपनीकडून नेर्लेकर नावाचे गृहस्थ आले. मध्यम आकाराच्या विजेच्या गाडीत तिसरी रांग असावी की नसावी, यावर कंपनी घरोघर मतं घेत होती. नेर्लेकरांनी चहा घेतला, फॉर्म काढला आणि पहिला प्रश्न वाचला.

"असावी," आप्पा म्हणाले. "सगळं घर एकत्र जातं."

"एकत्र?"

"एकत्रच की. एका गाडीत."

नेर्लेकरांनी 'एकत्र' असं लिहून घेतलं. तिसऱ्या रांगेतल्यांचं काही म्हणणं आहे का, असं त्यांनी विचारलं. पप्पा म्हणाले, "त्येंचं काय म्हणणं असणार?" मी तिथे उभा होतो. आई चहाचे कप उचलत होती.

मग ताईचं स्थळ निघालं. मुलगा कोइमतूरला, दुकान आप्पांच्या ओळखीतलं, आईवडील पुण्याला धनकवडीत. ताईने बीएस्सीला केमिस्ट्री केलेली. त्याच आठवड्यात तिला शिरवळच्या एका औषधाच्या कारखान्यातून पत्र आलं: प्रयोगशाळेत नोकरी, सोळा तारखेला दुपारी दोनच्या आत हजर राहा. आप्पांनी पत्र चष्मा न लावता वाचलं आणि विचारलं, "शिरवळात आपलं कोण हाय?" कुणीच नव्हतं. विषय संपला. सोळा तारखेलाच त्यांनी धनकवडीची बैठक धरली.

ताई म्हणाली, "मला हे लग्न करायचं नाही."

"बैठकीत बोल," आप्पा म्हणाले. "आम्ही काय तोंड धरलंय का तुझं?"

"बैठक किती वाजता?"

"अकराला."

पुढची रांग पुण्याला पोचणार दहा पन्नासला. मागची बाराला. हे ताईने बोटावर मोजून दाखवलं. आत्या म्हणाली, "मग जेवायला तर येशील की गं वेळेवर." मुलाची आजी अंथरुणाला खिळलेली होती आणि तिला मुलगी डोळ्यांनी बघायची होती. ताईला न्यायचं ते तेवढ्यासाठी. सुपारी फोडायला तिची गरज नव्हती.

ताई मधल्या रांगेत बसते, असं मी सुचवलं. आप्पांनी माझ्याकडे बघितलं. "आन् मोठी आई मागं? मानपान कळतो का तुला? शाळा सोडलेलं तू."

"कॉलेज," मी म्हणालो.

सोळाला ताई आणि मी मागे बसलो. जागा नव्हती म्हणून आई घरीच. तिने ताईच्या मांडीवर भाकरीची पिशवी दिली आणि काच खाली करायला लावून सांगितलं, "इनुसभाईला दोन दे. त्याला शेंगदाण्याची चटणी आवडती."

इनुस मुलाणी शिरवळला चार्जर सांभाळतात. पुण्याला जाताना गाडी तिथे चाळीस मिनिटं चार्ज होते. पुढचे नऊला पोचतात, मिसळ खातात, नऊ चाळीसला निघतात. आम्ही पोचतो दहा दहाला. तोवर गाडी गेलेली असते, पण आमची चाळीस मिनिटं संपेपर्यंत तिची जागा मोकळी ठेवावी लागते. इनुसभाई तिथे नारिंगी शंकू मांडतात आणि कुणी हॉर्न वाजवला तर शांतपणे सांगतात, "दुसरीकडं लावा साहेब. हितं तिसरी रांग यायचीय."

त्या दिवशी ते शंकू उचलतच होते. आम्ही उतरलो.

"आप्पा गेले का?" ताईने विचारलं.

"अर्धा तास झाला की. आज लई खुशीत हुते. मला पेढ्याचं बोलले."

चाळीस मिनिटं. या चाळीस मिनिटांबद्दल घरात कधीच कुणी विचारलेलं नाही. पुढच्यांच्या हिशोबात शिरवळ एकदाच येतं, ते गेले की संपतं. आई तिथे उन्हात एकटी बसून चहा पिते, हे मला माहीत होतं. तिच्यासारखं मीही तिथे पाय पसरून बसायचो. दुसरं काय करायचं असतं तिथे?

ताईने बाकड्यावर पिशवी उघडली. वर चार भाकरी होत्या. खाली तिच्या मार्कशीटा, कारखान्याचं पत्र, तीन ड्रेस, चार्जर आणि आईची शाल.

"हे आईनं भरलं?" मी विचारलं.

"मग काय तू भरलंस?"

"तिला कसं कळलं की इथे..."

"पान एकोणचाळीस. तिनंच मला वाचून दाखवलं. 'पोचेपर्यंत प्रवाशास कोणत्याही थांब्यावर उतरण्याची मुभा राहील.' खालची बारीक ओळ. तू वाचलीस ना पुस्तिका? शहाणा."

ती ओळ मी वाचली नव्हती. बारीक ओळी वाचायचा मला कंटाळा आहे. माझे दोन विषय उगाच राहिले नाहीत.

आम्ही इनुसभाईंना दोन भाकरी आणि चटणी दिली. कारखाना तिथून चार किलोमीटर. इनुसभाईंनी त्यांच्या पुतण्याची रिक्षा बोलावली. पिशवीची गाठ मी बांधली.

"तू पण चल," ती म्हणाली. "काहीतरी काम मिळेल."

"दोघं उतरलो तर रांग रिकामी पोचेल. कुणीतरी सांगायला पाहिजे."

"शिव्या खाशील."

"रोजच खातोय. आज पहिल्यांदा कारण असेल."

"सुयश, तिथं जास्त बोलू नको हां. विचारलं तेवढंच सांग."

दहा पन्नासला मी एकटा मागे बसलो आणि रांग निघाली. त्याच मिनिटाला पुढचे धनकवडीत उतरत असणार. खेड शिवापूरच्या नाक्यावर मला पप्पांचा फोन आला. मागे हसण्याचे आवाज होते.

"कुठवर आलायसा?"

"नाक्यावर."

"या या. सुपारी फुटली. लई चांगली माणसं हायती."

बाराला मी दार उघडून उतरलो. आप्पा कपाळाला गुलाल लावून समोर उभे होते. त्यांनी माझ्या मागे बघितलं.

"स्नेहल?"

"उतरली."

"कुठं?"

"शिरवळला."

"कवा?"

"दहा दहाला."

आप्पांनी विचार केला. "दहा दहाला आपण शिरवळच्या फुडं हुतो."

"तुम्ही होता."

त्यांनी दार लावलं आणि परत उघडलं. मग पप्पांनी लावलं आणि उघडलं. आत्याने सीटखाली हात घालून बघितला. मुलाकडचे सगळे अंगणात आले. मुलाचे काका निवृत्त तहसीलदार होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, गाडीला एक फेरी मारली आणि विचारलं, "यांच्या गाडीला चौथी रांग आहे का?"

कुणालाच नक्की माहीत नव्हतं.

"असेल तर अजून एक तास दहा मिनिटं," काका म्हणाले. "वाट बघायला हरकत नाही."

एक दहा वाजता सगळे पुन्हा गाडीभोवती जमले. कुणी उतरलं नाही. पाचवीसाठी दोन वीसला जमले. आजीला खुर्चीवर बसवून बाहेर आणलं होतं. मधल्या वेळात कुणीतरी ताईला फोन करून बघावा असं मी म्हणालो. आप्पा म्हणाले, "तू मधी पडू नगं." साडेतीनला सहावी रांगही आली नाही, तेव्हा मुलाच्या आईने ओटीचं तबक आत नेलं. आजीने मात्र जाताना मला विचारलं, "पोरगी पोचली का रं, जिथं जायची तिथं?"

"अकरा वाजताच," मी म्हणालो. ताईचा मेसेज कधीच आला होता. विचारलं तेवढंच सांगितलं.

"बरं झालं," आजी म्हणाली आणि खुर्ची आत न्यायला सांगितली.

येताना आप्पांनी शिरवळला गाडी थांबवून चाळीस मिनिटं ताईला शोधलं. इनुसभाईंच्या केबिनमधलं कपाट उघडून बघितलं. त्या वेळी ताई कारखान्यात होती. ती साडेसहाला सुटली, मी सहा पन्नासला पोचलो. आम्ही मिसळ खाल्ली.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी कंपनीला तक्रार केली. ती त्यांनी सांगितली आणि मी लिहिली, कारण घरात शुद्ध मराठी मलाच लिहिता येतं. 'तिसऱ्या रांगेतून एक प्रवासी कमी पोचला. सदर रांग काढून न्यावी.'

कंपनीचं उत्तर यायला तीन महिने लागले. या तीन महिन्यांत पुढचे पाच पुण्याला बरेचदा गेले, कारण आत्याच्या दातांचं काम निघालं. प्रत्येक वेळी आई म्हणाली, "मी बसते मागं. तेवढीच हवा." घरात कुणी कारण विचारलं नाही. आई परत आली की तिच्या पिशवीत कधी शिरवळच्या दुकानातलं फरसाण असायचं, कधी ताईचे धुवायचे कपडे.

मग नेर्लेकर आले. त्यांनी तक्रार वाचली.

"रांग काढता येते," ते म्हणाले. "पण तिथे नियमित बसणाऱ्यांची सही लागते."

"मालक मी हाय," आप्पा म्हणाले.

"मालकाची सही पुढच्या दोन रांगांपुरती चालते. आणि मागच्यांची सही घेताना पुढचं कुणी समोर नको, असा नियम आहे. तुम्ही जरा बाहेर बसाल का?"

आप्पा विट्याला परत आल्यापासून पहिल्यांदा स्वतःच्या घरात बाहेर बसले. पप्पा आधी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले आणि मग तेही जाऊन बसले.

नेर्लेकर स्वयंपाकघरात आले. आईने हात पुसले. मी ओट्याला टेकून उभा होतो.

"मध्यम आकाराच्या विजेच्या गाडीत तिसरी रांग असावी का?" त्यांनी वाचलं.

आईने आधी माझ्याकडे बघितलं, मग नेर्लेकरांकडे. हा प्रश्न तिच्यासाठी आहे हे तिला पटायला वेळ लागला असावा.

"असू दे," ती म्हणाली.

मीही तेच सांगितलं. आम्ही दोघांनी सह्या केल्या.

"काही सूचना?" नेर्लेकरांनी शेवटचा रकाना दाखवला. "लोक बहुतेक चार्जिंग लवकर व्हावं म्हणून लिहितात."

"लवकर नको," आई म्हणाली. "चाळीस मिनिटं लई कमी पडतात. हळू करा."

"किती हळू?"

"एक तास दहा मिनिटं. त्याच्यावर एक मिनिट पण नको. नाहीतर आम्ही पोचू तवा पुढची माणसं तिथंच बसलेली असतील."

नेर्लेकरांनी फॉर्मच्या मागच्या बाजूला गणित मांडून बघितलं. ते बरोबर होतं. त्यांनी सूचना तशीच लिहून घेतली.