बदकाची नजर

गेल्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, सायंकाळी, नगरपालिकेच्या कलादालनात माझ्या पत्नीच्या पहिल्यावहिल्या प्रदर्शनाचे उद्घाटन झाले; आणि त्याच सायंकाळी, त्याच इमारतीत, मी एक चोरी केली. वस्तू मूळची माझीच होती. तेव्हा चोरी हा शब्द येथे कितपत लागू पडतो हा वादाचा मुद्दा आहे, आणि वादाला माझी ना कधीच नसते.

माझी योजना निर्दोष होती, हे आरंभीच नमूद करतो. ज्याने उभा जन्म छापखान्यात मुद्रिते तपासण्यात घालवला, ज्याच्या तावडीतून चुकार अनुस्वारसुद्धा सुटला नाही, त्याने आखलेल्या योजनेत खोट राहीलच कशी?

प्रकरणाचे मूळ माळ्यावरच्या ट्रंकेत आहे. नोकरीतून मोकळी झाल्यावर पत्नीने कलाकृती घडवायचे मनावर घेतले, ती ट्रंक खाली काढली आणि आम्हा उभयतांच्या लहानपणची खेळणी मेजावर मांडली. एका डोळ्याचे कापडी अस्वल, चाके गमावलेली आगगाडी, ढोल हरवलेले माकड. आणि माझे बदक. पत्र्याचे, किल्लीचे, डावा पाय किंचित वाकडा. बालपणी मी त्याला बदकोबा म्हणत असे. हे नाव घराबाहेर कोणालाही ठाऊक नव्हते. 'नव्हते' हा भूतकाळ कृपया ध्यानात ठेवावा.

त्यानंतर माझ्या मेहुण्याचे येणे-जाणे वाढले. त्याचे मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे आणि जगात जे जे बंद आहे ते उघडून पाहावे एवढेच त्याचे तत्त्वज्ञान आहे. बहीणभाऊ दार लावून बसत. आतून पत्रा कापल्याचा आवाज येई.

"अगं, त्याचं पोट फाडलंत की काय?" मी दाराबाहेरून विचारले.

"फाडलं नाही, उघडलं," आतून मेहुणा म्हणाला. "भाऊजी, तुमच्या बदकाच्या पोटात एक खडू सापडला. तुमचाच का?"

"माझ्या खासगी बाबींत लक्ष घालू नकोस."

पत्नीने मला सारे समजावून सांगण्याचा प्रयत्न केला नाही असे नाही. एका रविवारी तिने कलाकृतीच्या पाटीचा मजकूर माझ्यापुढे ठेवला. कलाकृतीचे नाव 'आता आमची पाळी'. नावाला माझा आक्षेप नव्हता, मजकुराला होता. वाक्ये ओबडधोबड होती, आणि मध्येच एक लांबलचक वाक्य तारा, भिंगे, बिनतारी असल्या शब्दांनी खडखडत होते. रस्त्यावर खडी सांडावी तसे.

"हे वाक्य गाळतो," मी म्हणालो.

"अहो, तेच महत्त्वाचं आहे. नीट वाचा तरी."

"वाचलं. लय नाही त्याला."

"लय राहू द्या, त्यात काय लिहिलंय?"

"काय लिहिलंय हा लेखकाचा प्रश्न. मी फक्त कसं लिहिलंय ते पाहतो."

ती माझ्या हाती पेन देत म्हणाली, "गाळा." संसारात एवढ्या सहजासहजी मिळालेल्या विजयाचा संशय यायला हवा होता. मला आला नाही.

पुढे कळले की ज्येष्ठ शिल्पकारबाई उद्घाटनाला येणार असून, त्यांच्या पसंतीस उतरलेली कलाकृती दालनाच्या कायम संग्रहात जाणार आहे. पत्नीचे डोळे चमकले. माझ्या डोळ्यांपुढे काचेच्या पेटीत जन्माचे अडकलेले बदक आले. कलेसाठी त्याग करावा याला मी अनुकूल आहे; तो दुसऱ्याच्या बदकाने करावा, इतकेच माझे म्हणणे.

तेव्हा मी बाजारातून तसेच एक बदक आणले, त्याला कोऱ्या चहात बुडवून म्हातारे केले, पाय वाकवला, आणि त्या शनिवारी कोटाच्या खिशात घालून दालनात शिरलो. पाहुणे शेजारच्या खोलीत चहा घेत होते. भिंतीवरचा भलामोठा पांढरा पडदा अजून कोरा होता; बाईंनी कळ दाबली की त्यावर काहीतरी दिसणार, एवढे मला माहीत होते. काय दिसणार हे त्या गाळलेल्या वाक्यात होते.

मी बदके बदलली. माझे बदक पूर्वीपेक्षा जड लागले. वयानुसार शरीर सुटतेच, असे मनाशी म्हणून मी ते खिशात टाकले आणि थेट स्वच्छतागृह गाठले. तेथे कडी लावून, आरशासमोरच्या बेसिनवर त्याला उभे केले, आणि कित्येक वर्षांनी आम्ही दोघे एकान्तात आलो.

येथे मला थोडे मागे जाऊन एक गोष्ट सांगणे भाग आहे, जी त्या क्षणी इमारतीतील यच्चयावत माणसांना कळली होती आणि मला नव्हती. प्रत्येक खेळण्याच्या डोळ्यात मुगाच्या दाण्याएवढा कॅमेरा होता. लहानपणी आपण खेळण्यांकडे पाहिले. आता ती आपल्याकडे पाहणार, अशी पत्नीची कल्पना. जे खेळणे हलेल त्याला दिसणारे दृश्य भिंतभर पसरावे, आणि ऐकू येणारे सारे दालनभर ऐकू जावे, ही मेहुण्याची करामत. बाईंनी कळ दाबली तेव्हा टेबलावरची खेळणी स्तब्ध होती. हलत होते ते एकच. त्याला मी रुमालाने पुसत होतो.

"बदकोबा," मी म्हणालो, "भिऊ नकोस. तुझी सुटका झाली."

बाहेर टाळ्या पडल्या. भाषण चांगले झालेले दिसते, असे मला वाटले.

"या बाईंच्या हाती तुला मी देणार होतो होय? चौकातला त्यांचा घोडा पाहिला आहेस? तो घोडा नव्हे. ते सुजलेलं बाकडं आहे. लोक त्यावर पिशव्या ठेवतात."

बाहेर हशा उसळला. मी आवाज वाढवला, कारण गोंगाटात बोलायचे तर स्पष्ट बोलावे हा माझा नियम आहे.

"हिचं काम मात्र चांगलं असावं, बदकोबा. खरं सांगू? मला त्यातलं ओ की ठो कळलेलं नाही. पण दाराआडून हिला मी इतकं हसताना ऐकलं, जितकं ती माझ्या बोलण्यावर आजवर कधी हसली नाही. हे तिला सांगायची सोय नाही. सांगितलं, तर पुढच्या वेळी पाटी तपासायला देईल कोण मला?"

बाहेर एकदम शांतता पसरली. त्या शांततेत मी किल्ली दिली. बदक दोन पावले चालले, वाकड्या पायामुळे वळले आणि बेसिनमध्ये कोसळले. बाहेरून सामूहिक "अरेरे" ऐकू आले. तेव्हा प्रथम माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

दारावर थाप पडली. "भाऊजी," मेहुण्याचा दबका आवाज आला, "बाहेर या. आणि येताना बदकाचं तोंड खाली करा. सगळ्यांना तुमच्या नाकपुड्या दिसताहेत."

"कोणतं बदक?" मी दार किलकिले करून ठणकावून विचारले.

'कोणतं बदक?' असे दालनाच्या दिशेने माझ्याच आवाजात, माझ्यापेक्षा मोठ्याने, ऐकू आले.

मी बाहेर आलो. बदक हातातच असल्यामुळे भिंतीवर आधी माझे बूट आले, मग वाट सोडून दोन्ही बाजूंना सरकणारी माणसे आली आणि मग पत्नी आली, भिंतभर. तिचे डोळे ओले होते; पण ओठ दाबून धरलेले होते आणि त्यांचा अर्थ मला चांगला ठाऊक आहे.

"टेबलावर कोणाला बसवलंत?" तिने विचारले.

"बदली कर्मचारी."

"चहाचा वास येतोय त्याला."

"रंग पक्का बसावा म्हणून–"

"आणि त्या गाळलेल्या वाक्यात काय लिहिलं होतं, ते कळलं का आता?"

"कळलं. पण लय नव्हतीच," मी म्हणालो. तत्त्वाला तत्त्व.

शिल्पकारबाई काठी टेकत पुढे आल्या. ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या, आणि माझ्या अपेक्षेपेक्षा पुष्कळ शांत. "घोड्याबद्दल आपण सवडीनं बोलू," त्या मला म्हणाल्या. मग पत्नीकडे वळल्या. "काम आम्ही ठेवून घेतो. बदक मात्र यांच्यापासून तोडू नये. घरी जाऊ दे त्याला, यांच्या मेजावर. डोळा तेवढा चालू ठेवा. चालेल?"

"माझं मेज म्हणजे–" मी सुरुवात केली.

"चालेल," पत्नी म्हणाली. "आणि अहो, वर रुमाल टाकायचा नाही."

अशा रीतीने मला माझे बदक परत मिळाले आणि बदकाला मी. बदक न हलताही त्याचा डोळा दालनातल्या भिंतीशी इंटरनेटवरून जोडलेला राहील अशी सोय मेहुण्याने केली, आणि गेला महिनाभर मी ताठ बसून वाचतो. जांभई आली तर स्वयंपाकघरात जाऊन देतो. कलादालनाच्या भिंतीवर, माकड आणि अस्वल यांच्या नजरांशेजारी, माझी अखंड प्रतिमा उमटत असणार. आणि अभिजात गद्याचा एक उपासक कामात मग्न असलेला पाहून नव्या पिढीवर काही संस्कार होत असणार, अशी माझी नम्र धारणा होती.

परवा न राहवून मी दालनात गेलो. ओळख पटू नये म्हणून टोपी घातली होती. भिंतीवर माझी खोली दिसत होती: मेज, रिकामी खुर्ची, मागची खिडकी आणि खिडकीतले झाड. एक वयस्क रखवालदार त्याकडे निवांत पाहत उभा होता.

"कसं वाटतं हे?" मी सहज विचारावे तसे विचारले.

"आज छान आहे," तो म्हणाला. "एरवी एक गृहस्थ मधे बसलेले असतात, झाड दिसत नाही."