तिखेपंत

दिगंबरपंतांसमोर ‘लोखंड’ म्हणायची चोरी होती. तुम्ही सहज म्हणालात, “काल एक लोखंडी खाट घेतली,” की पंत हातातला चहा खाली ठेवायचे.

“कुठलं लोखंड?”

“म्हणजे... लोखंडच.”

“बाजारातून धान्य आणलं म्हणता का हो तुम्ही? ज्वारी की बाजरी ते सांगता ना? मग मऊ, ओतीव बीड की तिखे, ते सांगा!”

एवढ्यावर भागलं तर नशीब. नाहीतर ते घरी येऊन खाटेच्या पायावर किल्ली वाजवायचे, कान लावायचे आणि खाट विकत घेतल्याबद्दल आपलं सांत्वन करायचे.

‘तिखे’ म्हणजे पोलादाचं जुनं मराठी नाव. पंतांनी सगळा जन्म लोणावळ्याच्या रेल्वे शेडमधल्या गोदामात काढला होता. तिथे आलेल्या मालाची इंग्रजी नावं लिहायची, हेच त्यांचं काम. मग कुठल्याशा जुन्या पोथीत त्यांना हा शब्द सापडला आणि माणूस कामातून गेला. लग्न केलेलं नव्हतं, त्यामुळे आवरणारं कोणी नव्हतं. गाव त्यांना मागून ‘तिखेपंत’ म्हणे. पुढून म्हटलं असतं तरी त्यांना आनंदच झाला असता.

मी नगरपालिकेत कारकून आणि वाचनालयाचा सेक्रेटरी. सेक्रेटरीपदावर माझी एकमताने निवड झाली, कारण त्या सभेला मी एकटाच गैरहजर होतो. तेव्हापासून पंत मला ‘सेक्रेटरी’ म्हणू लागले आणि विद्वानही समजू लागले. पहिलं मी नाकारू शकत नव्हतो, दुसरं नाकारावंसं वाटत नव्हतं.

“शब्द मेलेला नाही, सेक्रेटरी,” ते म्हणायचे. “खेड्यात कुठेतरी असणार. फक्त ऐकायला हवा.”

तो ऐकायला त्यांनी मला एका रविवारी घोरावाडी स्टेशनवर उतरवलं आणि तिथून चालवत चालवत सुदुंबऱ्याला नेलं. एका अंगणात म्हातारी शेंगा फोडत बसली होती. पंतांनी नमस्कार केला.

“मावशी, तुमच्या घरी तिखे आहे का हो?”

“तिखं? हाय की! लय हाय! बसा.”

पंतांनी माझा दंड असा दाबला की चार दिवस वळ राहिला. म्हातारी आत गेली आणि दोन भाकऱ्यांवर हिरव्या मिरचीचा ठेचा घेऊन आली. नाही म्हणायची सोय नव्हती. पंतांनी डोळ्यांतून पाणी गाळत भाकरी संपवली. मी पहिल्याच घासाला अंगणभर नाचलो. परतताना ते म्हणाले, “तिचं चुकलं नाही. तीक्ष्णापासून तिखे, तीक्ष्णापासूनच तिखट. सख्ख्या बहिणी आहेत.” मला उत्तर द्यायचं होतं, पण जीभ जागेवर नव्हती.

अखेर पंतांनी वाचनालयात व्याख्यान द्यायचं ठरवलं. विषय त्यांनीच दिला: ‘आपले तिखे कोणी घालवले?’ मी तो वळणदार अक्षरात फळ्यावर लिहून बाजारात लावला. एवढ्या रूक्ष विषयाला कोण येणार, अशी मला खात्री होती. सतरंजी मी एकच मागवली.

संध्याकाळी पाहतो तर वाचनालय तुडुंब! पोरं खिडक्यांवर, टोप्या दारापर्यंत. पंत धन्य झाले. “बघा सेक्रेटरी, लोकांना भाषेची चाड आहे!” मीही, हे आपल्या अक्षराचं यश असावं, अशा समजुतीने छाती काढून उभा राहिलो. इतक्यात पोलीस चौकीचे मारुती हवालदार आत आले आणि पेन्सिलीला टोक काढून पहिल्या रांगेत बसले. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. दिवस महायुद्धाचे आणि चळवळीचे, राज्य इंग्रजांचं. गावाने फळ्याचा अर्थ लावला होता की आपला तेजस्वी बाणा कोणी घालवला, याचा आज जाहीर पंचनामा आहे. सरकारनेही तोच अर्थ लावला होता. मी व्यासपीठावरची खुर्ची सोडून मागच्या दाराजवळच्या बाकावर बसलो. तिथे वारा चांगला येतो.

“आपल्या पूर्वजांनी लोखंडाचे तीन भेद केले,” पंत गरजले. “मुंड, तीक्ष्ण आणि कांत!”

टाळ्या पडल्या.

“थांबा पंत,” हवालदार म्हणाले. “मुंड मंजे मुंडकं का? कुनाचं?”

मी बाकाच्या दाराकडच्या टोकाला सरकलो. बायकोचं तोंड डोळ्यांपुढे आलं.

“मुंड म्हणजे मऊ लोखंड. तीक्ष्ण ते धारेचं. त्याचंच तिखे झालं. मग फारसीतून पोलाद आलं. आलं तर आलं, माझं त्याच्याशी भांडण नाही. पण पाहुणा आला म्हणून घरच्या लेकराला बाहेर काढायचं?”

“तलवारीवर या!” मागून कोणी ओरडलं.

“येतो. आधी नांगराचा फाळ.”

फाळावर पंत इतके रमले की खिडक्या रिकाम्या झाल्या. मग दार रिकामं झालं. कुऱ्हाडीपर्यंत आले तेव्हा सतरंजीवर हवालदार एकटे उरले होते. त्यांना उठायची परवानगी नव्हती.

“जरा सावकास, पंत,” ते घाम पुसत म्हणाले. “कुऱ्हाडीला तिखं कुटं घालत्यात म्हनला?”

 पंत व्यासपीठावरून उतरले, हवालदारांच्या शेजारी मांडी घालून बसले आणि हाताच्या तळव्यावर कुऱ्हाड काढून दाखवू लागले. “हे सगळं मऊ लोखंड. फक्त या तोंडाशी तिखे. सगळंच तिखे घातलं तर घाव बसताच तुकडा उडेल.” हवालदारांनी ते लिहून घेतलं. मी आभार मानले, ते मुख्यतः देवाचे.

दुसऱ्या दिवशी हवालदार पंतांच्या दारात. मी पलीकडच्याच खोलीत राहत असल्याने मला सगळं ऐकू आलं. भिंतीला कान लावला होता म्हणून जरा जास्त नीट.

“फौजदारसायबांनी इचारलंय, ह्यो तीक्ष्ण कोन? पत्ता काय त्याचा?”

पंतांनी त्यांना बसवलं, चहा केला आणि पत्ता सांगायला सुरुवात केली. अंधार पडायला आला तरी तो सापडला नव्हता. “आज एवढंच,” पंत म्हणाले, “कांताची चौकशी उद्या.” अशी चौकशी बरेच दिवस चालली. पंत सकाळीच अंगण झाडून ठेवू लागले. बूट काढायला त्रास होतो म्हणून हवालदारांसाठी त्यांनी कुठून तरी एक स्टूल पैदा केलं. हवालदारही त्यांना ‘आबा’ म्हणू लागले.

मग चौकशीचा कागद बंद झाला. हवालदारांची देहूरोडला बदली झाली. तिकडे लष्कराचे डेपो उभे राहत होते, बंदोबस्त वाढला होता.

पंत तरी अंगण झाडत राहिले. एका सकाळी माझ्याकडे आले.

“सेक्रेटरी, चौकशी संपली म्हणजे कायमची संपते का हो?”

“सुटलात की, पंत!”

“हो, ते आहेच.” जाता जाता ते उंबऱ्यात थांबले. “अजून एक व्याख्यान ठेवता का? जरासं... सरकारला खटकेल असं?”

मी नोकरीचं कारण सांगितलं. वेळ आली की नोकरी मला फार उपयोगी पडते. मात्र त्या दिवसापासून कचेरीतून आलो की मी त्यांच्याकडे जाऊन बसू लागलो. मी वाईट श्रोता. फाळाच्या आतच मला डुलकी लागे.

असाच एका सुट्टीच्या दिवशी दुपारी बसलो होतो. दारात धोतर, मुंडासं घातलेला एक माणूस उभा राहिला. वर्दी नसल्यामुळे मी ओळखलं नाही. पंतांनी ओळखलं.

“मारुतराव!”

“रजा हाय, आबा. गावाकडनं थेट हिकडंच आलो. एक सांगाया.” हवालदार धापा टाकत होते. “आय काल म्हनली, इळ्याला लव्हाराकडनं तिखं भरून आन. मी म्हनलं, आये, काय म्हनलीस? परत म्हन. तर म्हनली, तिखं रं, तिखं! आमच्याकडं म्हातारी मानसं आसंच म्हनत्यात.”

मी ताडकन उभा राहिलो. ज्या शब्दासाठी माझी जीभ भाजली, तो चालताबोलता सापडला होता. आता पंत नाचणार, हवालदारांच्या माउलीच्या दर्शनाला निघणार आणि आपल्याला पायपीट घडणार, हे मी धरून चाललो.

“हो का?” पंत म्हणाले. “बरं झालं.” आणि डबा उघडून तांदूळ काढायला लागले. “गाडीला अवकाश आहे ना? जेवून जाल ना?”

“आवो आबा, पर त्यो शब्द...”

“असू द्या हो. जेवून जाल ना, ते सांगा.”

“जेवतो की.”

पंतांनी आणखी एक मूठ तांदूळ टाकले. मग मी अजून तिथेच आहे हे त्यांच्या लक्षात आलं.

“सेक्रेटरी,” ते हळूच म्हणाले, “तुमची घरी वाट बघत असतील ना?”

बायको माहेरी गेलेली, कोणी वाट बघत नव्हतं. मी “हो, हो,” म्हणालो आणि चपला घालून बाहेर पडलो.