मूक झालेला बोलपट

"एकदा बघा, मग बोला! असा प्रेमपट पुन्हा झाला नाही!" सूतगिरणीतून निवृत्त झालेले फोरमन छाती फुगवून म्हणाले.

"बाबा, तो प्रेमपट नाही, सरकारी जाहिरात आहे," मुलगी म्हणाली. "नायिका नायकाला होकार केव्हा देते? महिन्याचं उत्पादन वाढल्यावर!"

"अगं, तेच तर प्रेम!"

वाचनालयात नोकरीला असलेल्या या मुलीनेच कुठूनतरी सिनेमाची प्रत शोधून काढली होती. वाचनालयाचा हॉल मिळाला, गिरणीतली जुनी मंडळी गुडघे सांभाळत जमली. फोरमननी इस्त्रीचा शर्ट घातला होता. या सिनेमाला सगळ्यांनी जन्मभर हसण्यावारी नेलं होतं. आज ते सगळ्यांची तोंडं बंद करणार होते!

तोंड बंद झालं ते सिनेमाचंच. नायक यंत्रामागून नायिकेकडे बघून हसला, ओठ हलले आणि आवाज गेला! मुलीने वायरी उपसल्या, पुन्हा खोचल्या. शून्य! मागून कोणीतरी खोकलं. चपला शोधायची खुडबूड सुरू झाली.

"कोणी हलायचं नाही!" फोरमन गरजले. "मला सगळे संवाद पाठ आहेत!" त्यांनी माइक धरला आणि घसा खाकरला. "प्रिये! तुझ्या हास्यापुढे मला हे सूतसुद्धा जाडंभरडं वाटतं!"

टाळ्या पडल्या. फोरमन खुलले. पण आता पडद्यावर नायिका बोलू लागली होती, आणि फोरमनच्या आवाजात नायिका म्हणजे गंजलेलं बिजागर! पहिल्या रांगेतून त्यांची बायको उठली आणि तिने माइक ओढून घेतला.

"संवाद माहीत आहे का तुला?" फोरमन कुजबुजले.

"बाईने पुरुषाला काय सुनावायचं ते माहीत आहे." तिने पडद्याकडे पाहिलं. नायिका बोट नाचवत होती. "हास्य राहू द्या! पलंगावरचा ओला टॉवेल आधी उचला!"

हॉलमध्ये हशा फुटला! फोरमन गोरेमोरे झाले. त्यांनी माइकशी तोंड नेऊन बाजू सावरली, "प्रिये, देशाला सुताची गरज आहे!"

"आणि घराला भाजीची! पिशवी घेऊन गेलात आणि रिकामी पिशवी घेऊन परत आलात!"

नेमका त्याच क्षणी नायकाने मान खाली घातली. म्हातारी माणसं खुर्च्यांवरून घसरायची बाकी राहिली. फोरमनना मात्र कुठेतरी लागलं. त्यांचा सिनेमा होता तो!

मग पडद्यावर मंत्री आले. हात उंचावून बोलू लागले, बोलतच राहिले. हे भाषण फोरमनना कधीच पाठ झालं नव्हतं. सगळे बायकोकडे बघू लागले. ती भारदस्त आवाजात म्हणाली, "बंधूंनो आणि भगिनींनो! माझं भाषण संपेपर्यंत दारं उघडणार नाहीत!"

मग असा काही हशा उसळला, की खिडकीच्या काचा थरथरल्या! ही मंडळी तरुण असताना, कोणी मधेच उठून जाऊ नये म्हणून, गिरणीने हा सिनेमा दारांना कुलूप लावून दाखवला होता, हे हॉलमध्ये सगळ्यांनाच आठवत होतं. कोणाला तेव्हाचा घाम आठवला, कोणाला शेजारी कोण बसलं होतं ते. कितीतरी जण डोळे पुसत होते, आणि ते नुसतं हसण्याने नव्हतं. फोरमनही हसले. इतकी माणसं त्यांच्या सिनेमासाठी कधी एकत्र रडली नव्हती!

"पुढच्या महिन्यात पुन्हा लावा," जाताना मंडळींनी बजावलं. "आवाज मात्र दुरुस्त करू नका!"

संध्याकाळी दोघं चालत घरी निघाली.

"काहीही म्हण," फोरमन हळूच म्हणाले, "तेव्हा गिरणीत सिनेमाच्या शेवटाला तू रडत होतीस. मी तिकडून बघत होतो. म्हटलं, हिला सिनेमा कळतो. लग्न करावं तर हिच्याशीच."

बायको थांबली. "अहो, दाराला कुलूप, आणि बाहेर माझी शेवटची बस हॉर्न देत होती! रडू नको तर काय करू?"

फोरमन हिशेब जुळवू लागले.

"म्हणजे... मला घरापर्यंत सोडायला येऊ दिलंस, ते..."

"बस गेली म्हणून!" तिने त्यांचा हात धरून रस्ता ओलांडला. "ड्रायव्हर पाच मिनिटं थांबला असता ना, तर सुटला होतात तुम्ही!"