सत्तावीस इंजिनं आणि हौसाबाई

गणपत केमकरनं आयुष्यात कुणाला नाव म्हणून विचारलं नाही. समोर नवा माणूस आला की त्याचा पहिला सवाल, "कुटल्या गाडीनं आला?" मग तो मुंबईहून आलेला गिरणीचा साहेब असो, नाहीतर वळसंगहून मेंढरं हाकत आलेला धनगर. धनगर म्हणे, "चालत आलो की." त्यावर गणपतचा चेहरा असा पडे, की त्या बिचाऱ्याच्या घरी कुणी गेलंय असंच वाटावं. "असू द्या, असू द्या," तो धीर देई, "फुडल्या खेपंला होटगीवरनं गाडीत बसा."

गाडीवरून तो माणसाचा स्वभाव सांगे. मेलनं येणारे थापाडे. पॅसेंजरनं येणारे सज्जन, पण चिकट. मालाच्या डब्यांना माणसांचे दोन डबे जोडलेली जी मिक्स गाडी असते, तिनं येणारे तेवढे जिवाला जीव देणारे. माझं दुर्दैव असं, की आमची ओळख झाली त्या दिवशी मी कुर्डुवाडीहून नेमका मिक्सनं आलो होतो. त्यानं मला तिथल्या तिथं जन्माचा दोस्त करून टाकलं. माझी हरकत आहे का, हे विचारायचं त्याला सुचलं नाही, आणि मला सांगायचं सुचेपर्यंत सात वर्षं उलटली.

माझं सोलापुरात नव्या पेठेत फोटोचं दुकान. जिना चढून वर यावं लागतं. गणपत एका गिरणीच्या दारात टाइमकीपर. मूळचा केमचा. केमला स्टेशन आहे, एवढ्याच भांडवलावर हा गडी ऐट मिरवायचा. बापाचं शेत रुळाला लागून होतं. "बैलं इंजानाला बुजायची, मी कदी बुजलो न्हाई," असं तो छाती काढून सांगे. बापानं मात्र त्याला ह्याच इंजिनवेडापायी आसुडानं बडवून सोलापुरात पाठवला होता, हे मला पुढं कळलं.

गिरणीचं घड्याळ तो मद्रास मेलवर लावायचा. मेल स्टेशनात शिरली की ह्याचे काटे जागेवर. एकदा मेल अर्धा तास उशिरा आली. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, मेलला उशीर झाला. आमच्या ह्या शहाण्यानं घड्याळ अर्धा तास मागं घेतलं. "मेल कशी चुकंल? घड्याळच फुडं पळालं असंल!" सकाळी उशिरा आलेले झाडून सगळे कामगार वेळेवर धरले गेले आणि त्यांनी ह्याला देवमाणूस ठरवलं. संध्याकाळी भोंगा अर्धा तास उशिरा वाजला, तेव्हा त्याच कामगारांनी मराठीत, तेलुगूत आणि दखनीत ह्याचा असा उद्धार केला, की तो मागल्या दारानं घरी गेला. साहेबानं काय केलं ते विचारू नका.

गिरणीसमोरच्या चहाच्या दुकानावर त्यानं एक काळी पाटी टांगली होती. रोज सकाळी तिच्यावर खडूनं गाड्यांच्या बातम्या लिही. "काल माढ्याजवळ म्हैस आडवी. मेल खोळंबली. इंजिनास इजा नाही." म्हशीचं काय झालं असं कुणी विचारलं, की हा वैतागे. "म्हशीचं काय घिऊन बसला? तिला काय टायमटेबल हाय का!" बातम्या त्याला गार्ड, सांधेवाले पुरवीत. शिवाय होटगीला शिवरुद्रप्पा नावाचा एक किराणा दुकानदार होता, तोही असलाच. दोघांची पोस्टाची कार्डं चालत. कुठल्याशा इंजिनाची शिटी बदलली की नाही, ह्यावर दोघं सहा महिने कार्डावर भांडले, आणि दोन्हीकडची कार्डं मला वाचावी लागली.

तीस साली सोलापुरात मार्शल लॉ होता, त्या दिवसांत पोलिसांनी ती पाटीच उचलून नेली. तिच्यावर लिहिलं होतं, "७१४ जखमी. कुर्डुवाडीस पडून आहे. मुंबईहून सामान येताच कामास लागेल." हा ७१४ कोण, कुठं दडलाय, सामान कसलं, असं त्याला दोन दिवस खोदून खोदून विचारीत होते. आणि हा इंजिनाचं चाक कसं चिरलं, ते हातवारे करून सांगत होता. शेवटी फौजदारच थकला. पाटीसकट सुटून आल्यावर गणपतची तक्रार एवढीच होती, की त्यांनी शेवटपर्यंत नीट ऐकून घेतलं नाही.

आता माझं दुखणं सांगतो. दर रविवारी हा जिना चढून यायचा आणि माझा जुना घडीचा कॅमेरा मागायचा. मोबदल्यात काळोख्या खोलीच्या खिडक्यांना लावायला गिरणीचं जाड काळं कापड आणून देई, म्हणून मला नाही म्हणवत नसे. कॅमेरा घेऊन स्टेशनावर जाई, ड्रायव्हरला तंबाखू देऊन पटवी आणि इंजिनाचा फोटो काढी. समोरून नाही, तिरपा. "समोरनं इंजानाचं नाक चपटं येतंय." अशा त्याच्या सत्तावीस काचा, म्हणजे काचेवरच्या निगेटिव्ह, माझ्या कपाटात होत्या. नंबर न बघता, नुसती काच उजेडाला धरून तो सांगे, हे अमुक इंजिन, डाव्या अंगाला पोचा आहे, तापट आहे पण मनानं चांगलं आहे.

त्याची बायको हौसाबाई करकंबची. काळीसावळी, बोलायला फटकळ. पोरबाळ नव्हतं. कधी त्याच्यासाठी भाकरी घेऊन दुकानाखाली आली, की रस्त्यातूनच ओरडे, "नाना, ह्यांना म्हनावं एक फोटू माजा बी काढा! मी बी काळीच हाय की. धूर तेवढा निघत न्हाई!" सगळी पेठ हसे. गणपत लाजे आणि पुटपुटे, "तुझं काय, तू घरातच हाईस. इंजान उद्या बदलून जातंय."

हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलंय. मीही हसलो होतो. आज आठवलं की जीव नकोसा होतो.

मग तिला खोकला लागला. आधी सुंठ-गूळ झाला, मग अंगारा झाला, मग डॉक्टर. डॉक्टरनं छातीला नळी लावली आणि मिरजेच्या दवाखान्यात न्यायला सांगितलं. मिरज म्हटल्यावर क्षयच, हे आम्ही समजलो. तिच्यासारख्या किती जणींना माणसं मिरजेला पोचवून आली होती, आणि परत आलेल्या बोटावर मोजाव्या एवढ्याच.

माझ्या धंद्यात एक गोष्ट रोजची आहे. घरातलं माणूस हातचं चाललं, की घरच्यांना आठवण होते, अरे, ह्यांचा एकही फोटो नाही! मग टांगा येतो, मी कॅमेरा आणि त्याचं तिकाटणं घेऊन जातो आणि उशाला टेकवून बसवलेल्या माणसाचा फोटो काढतो. असले फोटो मी इतके काढलेत, की आता मोजत नाही. म्हणून मी गणपतला स्वच्छ सांगितलं, "वेळ आहे तोवर बाईचा एक फोटो काढून ठेव."

"बघू की," तो म्हणाला.

"बघू काय? दुकानात घेऊन ये."

"जिना चढवत न्हाई तिला."

"मग मी घरी येतो."

"बघू की, नाना."

दोन आठवडे हेच. मी रोज विचारायचो, तो रोज विषय बदलायचा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सत्तावीस इंजिनांचे फोटो आहेत आणि लग्नाच्या बायकोचा एक नाही! अरे, माणूस आहेस का कोण? असं मी त्याला तोंडावर बोललो. त्यानं मान खाली घालून ऐकून घेतलं.

तिला नेण्याचा दिवस ठरला. सोमवारी सकाळच्या गाडीनं कुर्डुवाडी, तिथून छोट्या लाइनीनं मिरज. गणपतला रजा मिळाली नाही, म्हणून करकंबहून तिचा भाऊ आला होता. गणपत येत्या रविवारी जाणार होता. आदल्या संध्याकाळी मीच त्याच्या घरी कॅमेरा घेऊन गेलो. आत एकच काच भरली होती. "हे बघ," मी म्हणालो, "एकच आहे. उद्या तिला खिडकीत बसव, ऊन तोंडावर येईल असं बघ, आणि काढ. इंजिनाकडं ढुंकून बघितलंस तर माझ्या दुकानाची पायरी चढू नकोस."

सोमवारी संध्याकाळी तो कॅमेरा घेऊन आला. मी काळोख्या खोलीत शिरलो, तो मागं उभा राहिला. लाल दिव्याखाली काच थाळीत टाकली, थाळी हलवत राहिलो. आधी काही दिसेना. मग एक मोठा गोल उमटला. मला वाटलं, चेहरा. मग त्या गोलावर धुराडं उमटलं.

इंजिन! तिरपं, स्वच्छ, एकेक बोल्ट मोजून घ्यावा असं. इतका चांगला फोटो त्यानं आजवर काढला नव्हता.

मी काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. "बायको मरायला टेकली आणि तू हे…" एवढं तरी नक्की म्हणालो. लाल उजेडात त्याचं तोंड दिसत नव्हतं. "नवं इंजान होतं, नाना," तो म्हणाला. "ह्या लायनीला पैल्यांदाच आलं." आणि जिना उतरून गेला.

शुक्रवारी तार आली.

गणपत मिरजेला पोचला तेव्हा भावानं सगळं उरकलं होतं. किती वाट बघणार? दहा दिवसांनी गणपत कामावर आला. चहावाल्यानं आपलं काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "मिरजंला जाताना कंचं इंजान होतं?" गणपतनं जरा आठवून बघितलं. "बघितलं न्हाई," तो म्हणाला. चहावाला मला हे सांगताना रडला. त्या पाटीवर त्यानंतर गणपतचा खडू लागला नाही. पुढं चहावाल्यानं तिच्यावर भज्यांचा भाव लिहायला सुरुवात केली.

सहा-सात महिने तो माझ्याकडं आला नाही. मीही गेलो नाही. कुठल्या तोंडानं जाणार? एके दिवशी दुपारी जिन्यावर पावलं वाजली. गणपत. दाढी वाढलेली, टोपी हातात.

"ती काच हाय का?" त्यानं विचारलं.

होती. तिच्यावरून मी एक मोठा कागद छापूनही ठेवला होता. इंजिनामागचा पहिला डबा कडेला थोडासा आलाय. त्याच्या खिडकीच्या गजावर एक कोपर टेकलेलं आहे, आणि खाली चार बांगड्या. तेवढंच. मी कागद त्याच्यापुढं ठेवला आणि म्हणालो, "गणपत, मी तुला नाही नाही ते बोललो."

"बरूबर बोललासा," तो म्हणाला. मग त्यानं बांगड्यांवर बोट ठेवलं. "नाना, नवं इंजान-बिंजान काय न्हवतं. रोजचंच होतं. मी खोटं बोललो."

"मग रे?"

"तुमी कुनाचं फोटू काढाया घरी जाता, ते मला ठावं हाय की. सगळ्या गावाला ठावं हाय. तुमचा टांगा ज्याच्या दारात गेला, त्यो वाचल्याला मी तर बघितला न्हाई. तुमी म्हनला, येळ हाय तवर काढून ठेव. आता काढला म्हंजी ती परत येत न्हाई म्हनून मीच कबूल केलं, असं न्हवं का झालं?" त्यानं कागद जवळ ओढला. "ती गाडीतनं सारखी म्हनत होती, काढा की आता, लाजता कशाला. पदर बी नीट केला तिनं. मी म्हनलं, तू बरी हून ये, मग दुकानात जाऊन झ्याक काढू. तिला वाईट वाटू ने म्हनून म्हनलं, आज इंजान नवं हाय, त्याचा काढतो. हासली. म्हनली, काढा बाबा, तुमची हौस काय सरत न्हाई."

सहा महिने मी ह्या माणसाला दगड समजत होतो. आणि तिच्या मरणाची गोष्ट त्याच्या कानात पहिल्यांदा घातली, ती मी.

"आता एकच काम हाय," गणपत म्हणाला. "तिच्या भावाला इचारलं, त्याला बी आठवंना. तुमी लई तोंडं बगता, म्हनून आलो. मला तिचं तोंड दिसंना झालंय. आवाज येतोय, चालनं दिसतंय. तोंड काय केल्या येत न्हाई. इंजानं म्हनाल तर डोळं मिटून समदी दिसत्यात." तो पुढं झुकला. "तिच्या हनुवटीवर तीळ होता नव्हं?"

लोकांच्या काचांवर बारीक पेन्सिलीनं तीळ आणि वण घालवायचे, ह्यावर माझं पोट चालतं. हौसाबाईला मी सात वर्षं बघत होतो. तिच्या हनुवटीकडं मी कधी बघितलंच नव्हतं.

"होता," मी म्हणालो.

"कंच्या बाजूला?"

"उजव्या," मी ठोकून दिलं.

त्यानं डोळे मिटले. ओठ थोडे हलले. खाली रस्त्यावर एक टांगा गेला, तरी त्यानं डोळे उघडले नाहीत.

"उजव्या अंगाला बसंना, नाना."

"मग डाव्या असेल."

त्यानं डोळे उघडले आणि माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं.

"म्हंजी तुमाला बी ठावं न्हाई," तो म्हणाला. "आता कुनालाच ठावं न्हाई की."