त्रिंबकची दाढ आणि ओल मोजायचं मशीन

जालन्याच्या एमआयडीसीतल्या त्या बियाणे कंपनीत त्रिंबक म्हणेल तीच ज्वारी वाळलेली! बावीस वर्षं झाली, दाणा डाव्या दाढेखाली धरायचा. कट्ट वाजला की पोतं आत, नाही वाजला की परत उन्हात. अशी ही अन्नदाती दाढ एका खड्यावर अर्धी फुटली, आणि नेमके त्याच आठवड्यात मालक अण्णासाहेब ओल मोजायचं मशीन घ्यायचं म्हणू लागले. आता आपली नोकरी गेली, म्हणून त्रिंबकचं धाबंच दणाणलं.

दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एवढी फुटलेली दाढ नुसती भरून टिकायची नाही. त्यांनी माप घेऊन औरंगाबादच्या लॅबला धाडलं. आठ दिवसांनी तिथून कंपोझिटचा, अगदी दाढेच्याच रंगाचा तुकडा तयार होऊन आला. बाईंनी सुई देऊन जबडा बधिर केला, तुकडा पक्का चिकटवला आणि बधिरपणा जाईपर्यंत काही खायचं नाही, अशी ताकीद दिली. त्रिंबकनं मान डोलावली. त्याला खायचं कुठं होतं? फक्त चावायचं होतं!

तिथून तडक कंपनीत आला तर मशीनवाला हजर! अण्णासाहेबांनी कुंभार पिंपळगावच्या शेतकरी मच्छिंद्रची तीन पोती पुढं केली आणि म्हणाले, आधी दाढ, मंग मशीन.

त्रिंबकनं ऐटीत दाणा टाकला, चावला. कट्ट नाही की काही नाही, नुसतं मऊमऊ. दुसऱ्या पोत्याचं तेच. तिसऱ्याला तर त्यानं सगळा जीव लावला.

"चिंब ओली हाय," त्यानं जड जिभेनं निकाल दिला. "पाणी सुटून राह्यलं."

मशीननं तिन्ही पोती कोरडी दाखवली. मच्छिंद्र मात्र त्रिंबकच्या हनुवटीकडं बघत होता.

"दादा," तो हळूच म्हणाला, "तुमी दाणा न्हाई, गाल चावून राह्यले. रगत आलंय."

चूळ भरली तर तिन्ही दाणे अख्खे बाहेर पडले! मशीनवाला हसून लोळायचा बाकी होता. त्रिंबकला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बिचाऱ्याचे डोळे भरून आले. अण्णासाहेबांनी त्याला खुर्चीवर बसवलं, पण मशीन ठेवून घेतलं.

ते चालवायचं काम मात्र त्रिंबककडंच आलं, कारण शेतकरी नुसत्या आकड्यावर ऐकेनात. "त्या दिवशी सुई बोलली, दाढ न्हाई," मच्छिंद्रच म्हणाला. "तुमी चावून सांगा." मग त्रिंबक आकडा वाचतो, दाणा तोंडात टाकतो, कट्ट वाजवतो, बराबर म्हणतो, तेव्हा कुठं पोतं हलतं.

चावतो मात्र उजव्या बाजूनं. एवढी नवीकोरी दाढ, ती वापरून कोण खराब करील?