सोळा चोक चौसष्ट

नगराध्यक्षांचे केस हिरवे झाले ते रविवारी दुपारी, आणि डॉन बेलार्मिनोंना कचेरीतून तातडीचं बोलावणं आलं ते सोमवारी सकाळी, कॉफीचा पहिला घोट घशाखाली उतरायच्या आत.

डॉन बेलार्मिनो सान्ता ब्रिखिदाच्या एकुलत्या एका शाळेत एकतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते. गावात पन्नाशीच्या आतला असा माणूस नव्हता ज्याला त्यांनी कधी ना कधी 'दगड' म्हटलं नव्हतं. "माझा फळा झिजला, यांची डोकी नाही झिजली," हे त्यांचं गाऱ्हाणं न्हाव्याच्या दुकानात, चर्चच्या पायऱ्यांवर, कुणाच्या मयतीलासुद्धा ऐकू येई. गावाने ते मनावर घेतलं नाही, उलट नव्या पोहण्याच्या तलावाला त्यांचंच नाव द्यायचं ठरवलं. पितळी पाटी दारावर बसली, वर पडदा लागला. अनावरण व्हायचं होतं गावच्या संताच्या सणाला. "कशाला उगाच," असं सगळ्यांना म्हणून झाल्यावर डॉन बेलार्मिनो रोज संध्याकाळी फिरायला जात आणि पडद्याचं टोक उचलून आपलं नाव जागेवर आहे ना, ते बघून येत.

तेवढ्यात तलावात शेवाळ धरलं. नगराध्यक्ष एवेलिओ चौकात भेटला तेव्हा म्हणाला, "सर, यावर काय टाकायचं?"

"मोरचूद. किती, ते सांगतो." डॉन बेलार्मिनोंनी तिथेच मनातल्या मनात हिशेब केला. एवढ्या पाण्याला तांबं हवं शंभर ग्रॅम. म्हणजे मोरचूद चारशे ग्रॅम. तोंडाने सांगितलं ते एवढंच: "चारशे ग्रॅम."

ही चारपट म्हणजे त्यांचा जन्माचा धडा. एक मोल मोरचूद घेतलं तर वजन अडीचशे ग्रॅम, त्यात तांबं जेमतेम चौसष्ट. उरलेलं गंधक, ऑक्सिजन आणि खड्याच्या पोटात दडलेलं पाणी. "कामाचा नवरदेव एक, बाकी सगळं वऱ्हाड," ते दर वर्षी सांगत. "एकाला जेवायला घालायचं तर पानं चारांची मांडा. एवढं एक लक्षात ठेवलंत तरी मी सुखाने मरेन." आणि मग वर्गाकडे पाहून उसासा टाकत.

सणाच्या आधीच्या रविवारी तलाव सुरू झाला, बँड वाजला. पाणी इतकं निळंशार झालं होतं की लोकांनी आपणहून टाळ्या वाजवल्या. फोटोत दुसरं कुणी नको म्हणून नगराध्यक्ष एकटाच उतरला आणि तासभर डुंबला. त्याची ती रुपेरी आयाळ निवडणुकीच्या प्रत्येक भित्तिपत्रकावर होती. ती वाळली तेव्हा पोपटासारखी हिरवी होती. विरोधी पक्षाचा झेंडा नेमका हिरवा. सोमवारी दोन नगरसेवक वारा ओळखून हिरवे शर्ट घालूनच कचेरीत आले.

डॉन बेलार्मिनो पोचले तेव्हा एवेलिओ डोक्याला टॉवेल गुंडाळून बसला होता. समोर शेतीमालाच्या दुकानाची ओदिलिया आणि तलावाचा राखणदार नेफ्ताली, दोघंही माना खाली घालून.

"सर, तुम्ही माझं वाटोळं केलंत," एवेलिओ म्हणाला. "हिशेब तुमचा. पाटी आज संध्याकाळी उतरतेय."

डॉन बेलार्मिनोंचा आवाज वर्गातलाच निघाला. "मी चारशे ग्रॅम सांगितलं होतं. नेफ्ताली, पाण्यात किती टाकलंस?"

"पंचवीस किलो आणि वर सहाशे ग्रॅम, सर."

"कोणत्या आनंदात?"

नेफ्तालीने टोपी कुरवाळली. "दुकानातून सहा किलो चारशे आलं. मला वाटलं, सरांनी नुसत्या तांब्याचं वजन सांगितलं असणार. वय झालं आता सरांचं, वऱ्हाड विसरले असतील. तुम्हाला चारचौघांत कशाला खाली बघायला लावायचं, म्हणून गुपचूप आणखी तेवढ्याच तीन पिशव्या आणल्या."

"आणि तू दिल्यास?" डॉन बेलार्मिनो ओदिलियाकडे वळले.

"मला काय माहीत? कचेरीचा माल आहे. एक पिशवी तलावात, तीन कुणाच्या तरी मळ्यावर, नेहमीसारखं."

टॉवेलखालून खाकरल्याचा आवाज आला.

"ते असू दे. पहिलं माप कुणाचं?"

"माझं," ओदिलिया पुटपुटली. "पण मीही चारपट केलं होतं, सर. मलाही वाटलं, तुम्ही विसरलात. मी म्हटलं, ज्यांनी शिकवलं त्यांची लाज आपण राखायची."

डॉन बेलार्मिनोंनी ज्यांना आयुष्यभर दगड म्हटलं त्या दगडांवर अक्षर न अक्षर कोरलेलं होतं, आणि वाचून दाखवायला त्यांनी नेमका हाच मुहूर्त धरला होता.

"झालं तर," एवेलिओ म्हणाला. "चुकले सगळे, पण सुरुवात तुमची."

"थांब जरा." त्यांनी सवयीने खडूसाठी खिसा चाचपला आणि मग हवेतच बोट फिरवलं. "नेफ्तालीचे चार, ओदिलियाचे चार. चार चोक सोळा. माझ्या चारशे ग्रॅमच्या सोळापट म्हणजे सहा किलो चारशे. पडलं पंचवीस किलो सहाशे. ते चौसष्टपट झालं. सोळा चोक चौसष्ट. अजून एक चार कुठेतरी बसलाय. ओदिलिया, दुकानात फोन कुणी केला होता?"

ओदिलिया छताकडे बघू लागली. नेफ्ताली बुटांकडे. मग दोघंही, नाइलाजाने, टॉवेलकडे.

"एवेलिओ. उभा राहा."

नगराध्यक्ष उभा राहिला. टॉवेल घसरून खांद्यावर आला.

"फोनवर किती सांगितलंस?"

"एक किलो सहाशे." तो दहावीत होता त्याच आवाजात बोलला. "कामाचा एक, बाकी वऱ्हाड. तुम्ही मला तीनदा नापास केलंत, सर, पण हे मात्र विसरलो नाही."

डॉन बेलार्मिनोंनी त्या हिरव्या डोक्याकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी आलंय हे दिसू नये म्हणून त्यांनी चष्मा पुसायला घेतला. "पाचापैकी तीन," ते म्हणाले. "पास. बस खाली."

पाटी राहिली. नगराध्यक्षाने तुळतुळीत चकोट केला, तलाव उपसून नव्याने भरला गेला आणि सणाला पडदा सरकला.

नव्या पाण्याला पुन्हा औषध हवं होतं. डॉन बेलार्मिनो आता शहाणे झाले होते. चारशे ग्रॅमला त्यांनी घरीच चौसष्टाने भागलं आणि चौकात गंभीरपणे सांगितलं, "सहा ग्रॅम."

एवेलिओने फोनवर सहाच सांगितलं. ओदिलियाने सोनाराचा काटा मागून आणला आणि सहाच मोजलं. नेफ्तालीने ती चिमूट मिठासारखी पाण्यावर भुरभुरली. तिघांनीही कानाला खडा लावला होता.

आठवड्यात तलाव गळ्यापर्यंत शेवाळला. झळझळीत पितळी नावाखाली उभं राहून डॉन बेलार्मिनोंनी त्या हिरव्यागार पाण्याकडे पाहिलं आणि उसासा टाकला.

"एकाच्याही डोक्यात काही राहत नाही," ते म्हणाले.