केरबा अस्वलाने काढलेलं नाव

एका जंगलात एक रुग्णवाहिका होती. जंगलात रुग्णवाहिका कशी, असं विचारू नका मुलांनो. जंगलात निवडणूक असते, मग रुग्णवाहिकेनेच काय घोडं मारलंय?

गाडी पांढरी होती. तिच्या दोन्ही अंगांना हातभर उंचीची लाल अक्षरं चिकटवलेली होती: 'आप्पासाहेब तरस यांच्या सौजन्याने'. 'रुग्णवाहिका' हा शब्दही होता. तो मागच्या चाकाजवळ होता आणि वाचायला वाकावं लागायचं.

गाडीचा ड्रायव्हर केरबा अस्वल. पाच वर्षं तो रोज सकाळी गाडी धूत होता. लेकीला न्हाऊ घालावं तसा. गाडीवर एक ओरखडा नव्हता. त्याची बायको म्हणायची, "माझ्याकडे एवढं लक्ष दिलं असतंत तर!"

मग निवडणूक लागली. आप्पासाहेब पुन्हा उभे राहिले. आचारसंहिता सांभाळायला बगळेसाहेब आले. ते एका पायावर उभे राहून नियम वाचत. दुसऱ्या पायाबद्दल नियमात काही नव्हतं, म्हणून तो वर धरलेला असे.

"उमेदवाराचं नाव गाडीवर चालणार नाही," साहेब म्हणाले. "उद्या दुपारपर्यंत काढा. नाहीतर गाडीला सील. निकाल लागेपर्यंत जागची हलणार नाही."

ओढ्यापलीकडे शेवंता हरिणीचे दिवस भरले होते. मागच्या खेपेला गाडी आप्पासाहेबांच्या मिरवणुकीत अडकली आणि शेवंताचं पाडस गेलं. ते केरबा विसरला नव्हता. या वेळी त्याने तिला शब्द दिला होता, "कळा सुरू झाल्या की निरोप धाड. मी आलोच समज."

"एवढी नखं आहेत तुम्हाला. ओरबाडून टाका," साहेबांनी सुचवलं.

"साहेब, रंग निघेल. रंग निघाला की पत्रा गंजतो."

"रंगाबद्दल नियमात काही नाही."

केरबाने नखं आत वळवली. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याने गाडी उन्हात लावली. पत्रा तापू दिला. मग गरम पाण्यात बुडवलेलं फडकं एकेका अक्षरावर धरलं. अक्षर मऊ झालं की बांबूच्या चपट्या काडीने त्याचा कोपरा उचलायचा आणि मागे दुमडत दुमडत हळूहळू ओढायचं. चिकट गोष्टींत घाई चालत नाही, हे मधाच्या पोळ्यात हात घालणाऱ्याला कोणी शिकवावं लागत नाही. मागे राहिलेल्या डिंकाला त्याने करंजाचं तेल लावलं, थोडा वेळ मुरू दिलं आणि मऊ फडक्याने पुसून घेतलं. सवयीने एकदा बोटही चाटलं. नंतर बराच वेळ थुंकत होता.

दुपारी शेवटचा 'ने' निघाला. केरबाने गाडी साबणाने धुतली आणि चार पावलं मागे जाऊन पाहिलं.

पाच वर्षं ऊन खाऊन गाडी पिवळट पडली होती. अक्षरांखालचा रंग मात्र नव्यासारखा पांढराशुभ्र होता. 'आप्पासाहेब तरस यांच्या सौजन्याने'. लांबूनसुद्धा वाचता येत होतं.

"नाव काढायला सांगितलं होतं, उजळायला नाही!" बगळेसाहेब ओरडले.

"काढलंय साहेब. हात फिरवून बघा."

साहेबांनी पंख फिरवला. काही लागलं नाही. डोळ्यांनी पाहिलं, सगळं दिसलं.

तेवढ्यात तिथून प्रचाराला निघालेले आप्पासाहेब थांबले. "वा केरबा! याला म्हणतात काम," ते म्हणाले आणि हसत हसत पुढे गेले. तरसच ते, हसायला त्यांना कारण लागत नाही. पण आज होतं.

साहेबांनी पिशवीतून सील काढलं. नेमका तेव्हाच शेवंताचा नवरा भिवा धापा टाकत आला. "केरबादादा, कळा सुरू झाल्या! चला लवकर!"

केरबाने सीलकडे पाहिलं. भिवाकडे पाहिलं. मग शेजारच्या डबक्याकडे पाहिलं, जिथे म्हशी लोळायच्या. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने दोन्ही पंजे भरून चिखल घेतला आणि आपल्या लाडक्या गाडीवर फेकला. मग आणखी. मग दुसऱ्या बाजूने. निवडणुकीत चिखल सगळेच उडवतात, पण त्या जंगलात तो कामी येण्याची ही पहिलीच वेळ.

"आता वाचा साहेब."

साहेबांनी मान वाकडी करून पाहिलं. सरळ करून पाहिलं. नियमांचं पुस्तक चाळलं.

"काही वाचता येत नाही," ते नाइलाजाने म्हणाले. "आणि चिखलाबद्दल नियमात काही नाही. जा."

गाडी वेळेवर पोचली. शेवंताला पाडस झालं. दोघंही सुखरूप. केरबा तिच्यासमोर बसून पोर रडावं तसा रडला. दुसऱ्या दिवशी त्याला नोटीस आली, 'वाहन अस्वच्छ ठेवल्याबद्दल खुलासा करावा'. ती त्याने पाडसाच्या अंथरुणाखाली घातली.

निकाल लागला. आप्पासाहेब निवडून आले. गुलाल झटकायच्या आत त्यांनी पहिला हुकूम सोडला.

"केरबा, गाडी धुऊन काढ!"

तात्पर्य: सबुरीचं फळ गोड असतं आणि ते बहुधा आप्पासाहेबांना मिळतं. म्हणून मुलांनो, काम नीट करायची खोड असलीच, तर जवळपास चिखल आहे ना, तेवढं आधी बघून ठेवा.